ट्रेलरच्या दिव्यांचा दाखला रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
मोटार वाहन तपासणी कार्यालय,
सोलापूर.

अर्जदार : ईरप्पा सिद्धलिंगप्पा कलशेट्टी, वय ४४, धंदा मोटारींचे वायरिंग व बॅटरीकाम, राहणार मंगळवार पेठ, सोलापूर.

विषय : लष्करी लिलावातील ट्रेलरचे मागचे दिवे योग्य असल्याचा अर्जदाराने स्वतः दिलेला दाखला खोटा असल्याने तो रद्द करणेबाबत, तसेच सोमवारची फेरतपासणी भर उन्हात न करता दिवेलागणीस करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दाखला, दि. १८ जानेवारी १९७३.
२) आपल्या कार्यालयाची फेरतपासणीची नोटीस, दि. २१ मार्च १९७३.

महोदय,

अर्जदार कानडी शाळेत शिकलेला असून त्याचे मराठी लिहिणे कच्चे आहे. म्हणून त्याने तोंडी सांगितलेली हकीकत अर्जलेखकाने लिहून काढली आहे. अर्ज आटोपशीर असावा, स्वतःच्या गळ्यात फास अडकेल असा मजकूर त्यात नसावा, असा सल्ला अर्जलेखकाने दिला होता. अर्जदाराने तो मानला नाही. यापुढे सोयीसाठी अर्जदारास नुसते ईरप्पा म्हटले आहे.

ईरप्पा १९५४ पासून बारा वर्षे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होता. ट्रक, जीप, ट्रेलर यांचे दिवे आणि बॅटऱ्या हेच त्याचे काम. पासष्टच्या लढाईत ताफे अंधारात हलायचे, तेव्हा त्या गाड्यांच्या दिव्यांवर त्याचा हात फिरलेला होता. सहासष्ट साली तो सोलापुरास परत आला आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याने दुकान मांडले. हाताला गुण होता. गाडी बंद पडली की लोक त्याच्याकडे येत, आणि दुसऱ्या मिस्त्र्याने हात टेकले की हटकून येत. याचा त्याला अभिमान होता. पुढे जे घडले त्याचे मूळ शोधू गेल्यास ते या अभिमानातच सापडेल, असे ईरप्पाचे स्वतःचे म्हणणे आहे.

गेल्या डिसेंबरात महादेवप्पा बिराजदार हे वाहतुकीचे ठेकेदार त्याच्या दुकानी आले. पुण्याकडच्या लष्करी लिलावात त्यांनी एक ट्रेलर घेतला होता. दुष्काळी कामांवर मजूर नेण्या-आणण्याचे काम त्यांना मिळाले होते आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या पाझर तलावाचे काम जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होणार होते. आपल्या जीपला हा ट्रेलर जोडायचा, त्याचे दिवे जीपवर चालते करायचे आणि पासिंग करून घ्यायचे, एवढी त्यांची निकड होती. तीन मिस्त्र्यांनी ट्रेलर पाहून नाही म्हटले होते.

ईरप्पाने ट्रेलर पाहिला आणि जुना सोबती भेटावा तसा त्याला आनंद झाला. वरचा हिरवा रंग महादेवप्पांनी निळ्याने झाकला होता, तरी पुढच्या पट्टीवरचा पांढरा क्रमांक रंगाखालून दिसत होता. दिव्यांची अडचण त्याला पहिल्या नजरेतच कळली. आपणही जाणकार आहात, तरीही नोंदीसाठी सांगतो. लष्कराचे दिवे चोवीस व्होल्टचे आणि जीपची बॅटरी बारा व्होल्टची. बारावर तो दिवा पेटतो, पण विझत आलेल्या विडीसारखा. बाजारातला बारा व्होल्टचा बल्ब त्या होल्डरात बसत नाही. दुसरी अडचण याहून वाईट होती. डाव्या बाजूस साधा लाल दिवा होता, पण उजव्या बाजूचा दिवा फक्त ब्लॅकआउटचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात आपण सर्वांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले, तशातलाच तो प्रकार. पत्र्याच्या बारीक फटीतून मागच्या गाडीला कसाबसा दिसावा आणि इतर कोणालाही दिसू नये, यासाठीच तो दिवा घडवलेला असतो. आपल्याकडे मागून येणारी गाडी पुढे निघते ती उजव्या अंगाने. म्हणजे जिथे दिसायला हवे, नेमके तिथेच न दिसण्याची सोय केलेली होती.

हे सर्व ईरप्पाने महादेवप्पांना समजावून सांगितले. दोन्ही दिवे काढून टाका आणि बाराचे नवे बसवा, असे तो म्हणाला. महादेवप्पांनी ऐकून घेतले. नवे दिवे पुण्याहून मागवतो, पण पासिंग काम सुरू होण्याआधी हवे, तोवर काही युक्ती कर, असे त्यांनी सांगितले आणि जाता जाता म्हणाले की, तीन जणांनी नाही म्हटले, तूही म्हण, त्यात लाज नाही.

ईरप्पाने नाही म्हटले नाही. त्याने उजव्या दिव्यावरचा फटीचा पत्रा काढून आत लाल काच बसवली. मग ट्रेलरमधल्या हत्यारांच्या पेटीत दुसरी बॅटरी ठेवली आणि जीपच्या बारात तिचे बारा मिळवून चोवीस केले. बॅटरीवर गोणपाट टाकले. दिवे असे लखलखले की दुकानासमोरून जाणारी माणसे थांबून पाहू लागली. ही सोय आठवड्याचीच होती, कारण ती दुसरी बॅटरी रोज उतरवून चार्ज करावी लागणार होती. नवे दिवे येईपर्यंत ती काढायची नाही, असे महादेवप्पांनी कबूल केले.

दि. १८ जानेवारी रोजी सकाळी अकरा वाजता जीप व ट्रेलर आपल्या कार्यालयाच्या आवारात उभे केले. आपणास तो दिवस आठवत असल्यास, आपण हाताचा आडोसा धरून दोन्ही दिवे पाहिलेत, ब्रेक दाबायला लावून पुन्हा पाहिलेत. पेटीवरचे गोणपाट आपण उचलले नाही, कारण तिथे काही असेल असे वाटण्याचे कारणच आपणास नव्हते. ईरप्पाने सही करून दाखला दिला की, ट्रेलरचे दिवे जीपच्या बारा व्होल्ट बॅटरीवर व्यवस्थित चालतात. आपण तो वाचून म्हणालात, "मिस्त्री, काम चांगलं केलंय." आपण सद्भावनेने म्हणालात. ईरप्पाची छाती फुगली. तेच वाक्य आज त्याला सर्वांत जास्त सलते, हे त्याने मुद्दाम लिहावयास सांगितले आहे. तपासणीत आपली कसूर नव्हती. फसवणूक ईरप्पाने केली.

ट्रेलर कामावर लागला. तिसऱ्याच दिवशी महादेवप्पांनी ती दुसरी बॅटरी काढून आपल्या दुसऱ्या गाडीला घातली. हे ईरप्पाला ठाऊक नव्हते. पण त्याने चौकशीही केली नाही, हेही खरे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या जकात नाक्यापाशी एक लॉरी बंद पडली होती, तिच्या कामासाठी ईरप्पा सायकलवरून गेला. काम आटोपले तेव्हा दिवस मावळून रस्त्यावर करडेपणा आला होता. अजून आकाश दिसते पण जमीन दिसत नाही, अशी वेळ. रस्त्याच्या कडेला तो हात पुसत उभा होता. एक जीप त्याच्यासमोरून गेली, आणि जीपमागून काहीतरी मोठे, काळे, माणसांनी भरलेले गेले. ते पुढे गेल्यावर ईरप्पाने वळून पाहिले तर त्याला फक्त एक कंदील दिसला. कंदील जमिनीपासून हातभर उंच, आपोआप चालल्यासारखा जात होता. हा आपणच दिवे बसवलेला ट्रेलर आहे हे त्याला वीस पावलांच्या अंतरावर पोचल्यावर कळले, तेही जीप नाक्याला थांबली म्हणून.

ट्रेलरमध्ये तीसएक बायामाणसे दाटीवाटीने बसली होती. उजव्या कोपऱ्यावर, पाय बाहेर सोडून, एक तिशीची बाई बसली होती आणि तिने कंदील मागच्या बाजूस धरला होता. तिचे नाव गोजाबाई. नाक्याच्या अलीकडे मेंढपाळांची वस्ती आहे, तिथली ती. नवरा मायाप्पा उरलेली मेंढरे जगवायला भीमेच्या काठाकाठाने खाली गेला होता. घरात ती आणि सासू चिमाबाई, दोघी खडी फोडायला तलावावर जात. चिमाबाई तिच्या शेजारीच बसली होती.

कंदील हातात कशाला, असे ईरप्पाने विचारले.

"गाडीचा दिवा लागत न्हाय की," गोजाबाई म्हणाली. "परवा एक लॉरी पार अंगावर आली. तवापासून बायांनी पाळी लावलीया. घरटी एक दिस. आज दिव्याला मी."

ईरप्पाच्या हातात हत्यारांची पिशवी पाहून चिमाबाई म्हणाली, "मिस्त्री दिसतासा. बगा की जरा."

ईरप्पाने पाहिले. डावा दिवा विडीच्या टोकाएवढा लाल होता. उजवा त्याहून कमी. काचेवर हात ठेवला तेव्हा त्याला तो पेटलेला आहे हे कळले. पेटी उघडली, तर गोणपाटाखाली काहीच नव्हते. त्याने सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि मालकाला सांगतो म्हणाला. हे दिवे मीच बसवले, असे सांगायला त्याची जीभ उचलली नाही. जीप निघाली. कंदील लांब जाताना तो बराच वेळ पाहत राहिला. लष्करात असताना असे दिवे पाठमोरे जाताना त्याने शेकडो पाहिले होते. तेव्हा दिसत नाहीत याचे समाधान वाटायचे.

दुसऱ्या दिवशी तो महादेवप्पांकडे गेला. ते म्हणाले की मजूर दिवसाउजेडी परततात, आणि एखाद्या दिवशी मस्टरची हजेरी लांबली तर बायांपाशी कंदील आहेच. पुण्याच्या दिव्यांचे काय, असे विचारता, सांगितले आहे, येतील, एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा ईरप्पाने स्वतःच भंगार बाजारातून जुन्या मोटारीचे दोन बारा व्होल्टचे दिवे मिळवले, घासूनपुसून चालते केले आणि ट्रेलर अर्धा दिवस माझ्या दुकानी द्या, असे सांगायला गेला. कामावरून ट्रेलर काढता येणार नाही, माघ अमावस्येला काम बंद असते तेव्हा ये, असे ठरले. अमावस्येला ईरप्पा दिवे घेऊन त्यांच्या आवारात गेला. ट्रेलर तिथे नव्हता. चाऱ्याच्या खेपेला गेला होता. ईरप्पा दुपारपर्यंत बसला आणि परत आला.

यात एकंदर तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत कोणत्याही दिवशी ईरप्पा आपल्या कार्यालयाची पायरी चढला असता, तर हा अर्ज चार ओळींचा झाला असता. तो का आला नाही, हे अर्जलेखकाने विचारले. दाखल्यावर माझी सही होती म्हणून, असे त्याने सांगितले. यापलीकडे त्याच्यापाशी कारण नाही.

दि. ९ मार्च, शुक्रवार. त्या दिवशी तलावावर मस्टर लांबले. पावणेसातच्या सुमारास परतणारी जीप नाक्याच्या पलीकडे दीड मैलावर होती. पाळीप्रमाणे गोजाबाई उजव्या कोपऱ्यावर कंदील घेऊन बसली होती. मागून कडब्याने भरलेली लॉरी येत होती. चालक येडू बंडगर, वय ५१. पुढे खड्डा आल्याने जीपने ब्रेक मारला. ब्रेकचा दिवा लागला, पण तो न लागल्यासारखाच. येडूला एक कंदील दिसत होता आणि तो लांबच्या बैलगाडीचा आहे असे त्याने धरून चालले होते. अंधारात काळा आकार उमटला तेव्हा अंतर उरले नव्हते. त्याने ब्रेक दाबून लॉरी उजवीकडे घेतली. लॉरी जवळजवळ निसटली. तिचा डावा कोपरा तेवढा ट्रेलरच्या उजव्या कोपऱ्याला लागला.

चिमाबाईचा डावा हात मोडला. आणखी चार जणींना मुका मार लागला. गोजाबाई रस्त्यावर फेकली गेली. येडूने अर्धा कडबा रस्त्यावर लोटून जागा केली, सगळ्यांना लॉरीत घेतले आणि दवाखान्यात पोचवले, मग स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन बसला. गोजाबाई रविवारी पहाटे गेली. मायाप्पा मेंढरांसह कुठे आहे हे वस्तीतल्या कोणालाच माहीत नाही. निरोप घेऊन एक माणूस नदीच्या बाजूस गेला आहे, तो अद्याप परत आलेला नाही. बायको तलावावर खडी फोडते आहे, असेच मायाप्पा आज हा अर्ज लिहीपर्यंत समजून असेल.

पंचनाम्यात ट्रेलरचे दिवे योग्य असल्याचे नमूद झाले आहे. त्याला आधार ईरप्पाच्या दाखल्याचा व त्यावरून झालेल्या पासिंगचा. त्यामुळे दोष एकट्या येडू बंडगरवर आला आहे; बेदरकारपणे लॉरी हाकली, असा. ईरप्पा त्याला कोठडीत भेटला. येडू त्याच्यावर चिडला नाही, कारण हा कोण हे त्याला ठाऊक नव्हते. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. "बत्तीस वर्सं गाडी चालवतोय. मला दिवा दिसला असता तर मी थांबलो असतो. कंदील बैलगाडीचा वाटला, लांबचा." मग त्याने ईरप्पाला विचारले की, तुम्ही मिस्त्री आहात, तर सांगा, माझ्या नजरेत काही दोष असेल का? डोळे तपासून घ्यावेत का?

ईरप्पा उठून बाहेर आला.

आपली फेरतपासणीची नोटीस २१ तारखेस निघाली. २२ तारखेस दुपारी महादेवप्पा दुकानी आले. ट्रेलरचा कोपरा ठोकून सरळ करून घेतला आहे, सोमवारी अकरा वाजता साहेब पाहणार आहेत, दुसरी बॅटरी घेऊन पहाटेच माझ्या आवारात ये, असे त्यांनी सांगितले. ईरप्पा म्हणाला, आता नाही. महादेवप्पांनी आवाज चढवला नाही. ते स्टुलावर बसले, पाणी मागून प्याले आणि कानडीत बोलले. त्याचा मराठी अर्थ असा :

"दाखल्यावर सही कोणाची आहे, ईरप्पा? माझी नाही. दिवे लागले तर त्या लॉरीवाल्याला वर्ष-सहा महिने होतील आणि तो सुटून येईल. दिवे लागले नाहीत तर बाई कोणी मारली याचा शोध पहिल्यापासून सुरू होईल, आणि तो तुझ्या दुकानात येऊन थांबेल. वैशाखात तुझ्या घरी लग्न आहे ना? मी काही सांगत नाही. तू विचार कर."

ते गेल्यावर ईरप्पाने दुकानाची फळी ओढून घेतली. आतल्या दारात त्याची बायको दानम्मा उभी होती. तिने सगळे ऐकले होते. वैशाखातले लग्न दोघांच्या धाकट्या मुलीचे आहे. ती लग्नाविषयी बोलेल असे ईरप्पाला वाटले. तिने एवढेच विचारले, "त्या बाईचं नाव तुमी एकदा तरी घेतलासा का?" पंधरा दिवस तो घरात 'ती बाई', 'तो अपघात' असेच म्हणत होता. त्याला नाव घ्यायला वेळ लागला. मग त्याने ते घेतले.

काल, शुक्रवारी, तो वस्तीवर गेला. चिमाबाई झोपडीच्या तोंडाशी बसली होती. हाताला प्लास्टर, ते गळ्यात बांधलेले. नाक्यावर काचा पुसणारा मिस्त्री तिने ओळखला. ईरप्पाने उभ्याउभ्याच सगळे सांगितले : दिवे, बॅटरी, गोणपाट, दाखला.

"म्हंजी त्या दिशी तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली.

ईरप्पा व्हय म्हणाला.

"तवा सांगितलं असतं, तर ती फुडं बसली असती की. मदी बसली असती. आदीची लॉरी अंगावर आली ती आमी कंदील न्हाई धरला म्हणून, असं आमाला वाटायचं."

ती रडली नाही, शिवी दिली नाही. ईरप्पाला ते बरे वाटले असते. तिने त्याला पाणी दिले, आणि मग जे सांगितले त्यामुळे हा अर्ज पोस्टाने न पाठवता हातोहात दिला जात आहे. ठेकेदाराचा माणूस येऊन गेला होता. मंगळवारपासून तोच ट्रेलर पुन्हा मजूर नेणार आहे. कामावर गेले नाही तर मस्टरवरचे नाव जाते, म्हणून वस्तीतल्या सगळ्या जाणार आहेत. पाळी घरटी आहे. मधले दिवस ट्रेलर बंद असला तरी पाळी दिवस मोजूनच चालते, आणि फिरत फिरत ती बुधवारी चिमाबाईच्या घरावर येते. या घरात आता कंदील धरायला तीच एकटी उरली आहे. प्लास्टर असताना कशी बसशील, असे ईरप्पाने विचारले.

"एक हात मोडला," ती म्हणाली. "दुसरा हाय की."

महोदय, सोमवारी ईरप्पा बॅटरी घेऊन जाणार नाही. परंतु बॅटरीला बॅटरी जोडणे ही काही अवघड विद्या नव्हे. महादेवप्पांना दुसरा मिस्त्री मिळणार नाही असे नाही. तसे झाल्यास अकरा वाजता आपणासमोर दोन्ही दिवे पुन्हा लखलखतील, आणि आपण पुन्हा सद्भावनेने सही कराल. तेव्हा प्रार्थना अशी की, तपासणी सकाळी अकरास न करता संध्याकाळी पावणेसातला, अपघात झाला त्याच उजेडात करावी. हत्यारांची पेटी आपण स्वतःच्या हाताने उघडावी. जीपची एकच बॅटरी ठेवून दिवे लावावेत, आणि आपण शंभर पावले मागे जाऊन उभे राहावे. आपल्याबरोबर येडू बंडगर यालाही उभे करता आले तर करावे, म्हणजे त्याच्या नजरेविषयीची त्याची शंका फिटेल. उजवा दिवा आपणास दिसला, तर हा अर्ज खोटा समजावा.

दाखला रद्द करून ट्रेलरचे पासिंग काढून घ्यावे, आणि बारा व्होल्टचे नवे दिवे बसल्याखेरीज त्यात एकही माणूस बसवू देऊ नये. पंचनाम्यातील दिव्यांविषयीची नोंद चुकीची असल्याचे आपल्या अहवालाने पोलीस ठाण्यास कळवावे. ईरप्पावर जी कारवाई होईल ती त्यास मान्य आहे. मुलीचे लग्न पार पडेपर्यंत थांबावे, अशी ओळ अर्जलेखकाने येथे घातली होती. ती ईरप्पाने खोडावयास लावली.

अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यास दिली आहे.

आपल्या तपासणीची वाट पाहणारा,

(सही, कानडीत)
ईरप्पा सिद्धलिंगप्पा कलशेट्टी

सोलापूर, शनिवार, दि. २४ मार्च १९७३

अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिले व त्यास वाचून दाखवले : गुरुलिंग हिरेमठ, अर्जलेखक.

सोबत :
१) दि. १८ जानेवारीच्या खोट्या दाखल्याची नक्कल.
२) ट्रेलरच्या उजव्या दिव्यावरून काढलेला ब्लॅकआउटचा पत्रा.
३) ट्रेलर जीपला जोडण्याची लोखंडी खीळ, एक नग. ही अर्जदाराने काल वस्तीवरून परतताना महादेवप्पांच्या आवारातून त्यांस न विचारता काढून आणली आहे. ही चोरी समजल्यास तसा गुन्हा नोंदवावा. लष्करी मापाची असल्याने बाजारात तयार मिळत नाही. अर्जदाराने लोहाराकडे विचारून खात्री केली आहे की, नवी घडवायला दोन दिवस पुरतात. आजचा दिवस शोधाशोधीत जाईल, उद्या रविवार, भट्ट्या बंद. म्हणजे सोमवारी ट्रेलर जागचा हलणार नाही, आपणांसच तेथे यावे लागेल. मंगळवारी संध्याकाळपर्यंत खीळ तयार होईल. त्यानंतरचे अर्जदाराच्या हाती नाही.